स्वाराच्या जागी चेअरमन

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी, एसटीत
उजवा हात खिशातच आहे. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. रहिमतपूर मागे पडलं. अजून कुणाचा फोन नाही.

नाणं मुठीत आहे. घामाने ओलं झालंय. त्याला अजून घरची हळद आहे.

चोरलं नाही. नोंद असावी. अभ्यासासाठी नेलं. दादाला विचारणार होतो, पण दादा गोठ्यात होता. वहिनी भाकरी थापत होत्या. विचारायलाही समोरचा माणूस मोकळा असावा लागतो.

देव्हाऱ्यातली जागा रिकामी ठेवली नाही. साखर कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवात सभासदांना चांदीचं नाणं वाटलं होतं, ते ठेवलं. आकार जवळजवळ तोच. त्यावर संस्थापक चेअरमनांचा चेहरा आहे, फेट्यासह. वर हळद चोळली की फेटा तेवढा उठून दिसतो. एका बाजूला यमाईचा टाक, दुसऱ्या बाजूला ज्योतिबाचा. मध्ये चेअरमन. परकं कोणी वाटत नाही.

पंधरा दिवसांत परत ठेवणार. वहिनींचं वय झालंय. देव धुताना त्या गप्पा मारत असतात. कळायचं कारण नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सातारा
निबंधाला सुरुवात. शीर्षक ठरलं: ‘एका युरोपीय नाण्याचा देव्हाऱ्यापर्यंतचा प्रवास’. निवृत्त झाल्यावर लिहायचा म्हणून ठेवलेला ग्रंथ तूर्त बाजूला. त्याला सहा वर्षं झाली, अजून थोडा थांबेल.

मुद्दे. आजोबा तात्याबा, शिपाई, इटलीच्या लढाईत. पायाला गोळी. एका म्हातारीच्या गोठ्यात नऊ दिवस पडून होते. निघताना तिने हे नाणं त्यांच्या मुठीत दिलं. ती काय बोलली ते त्यांना कळलं नाही. घरी आल्यावर आजीने नाणं पाहिलं. घोड्यावर बसलेला देव, हातात तलवार, पायाशी दैत्य. म्हणजे खंडोबा. मागच्या बाजूला कळस. नाणं देव्हाऱ्यात गेलं, ते ऐंशी वर्षं तिथंच. घरात सगळे त्याला स्वार म्हणतात. स्वाराने तात्याबांना घरी आणलं, असं आजी सांगायची.

तेव्हापासूनची रीत: घरातलं कुणी फौजेत निघालं की स्वाराला तांब्यात बुडवायचं आणि ते पाणी त्याला प्यायला द्यायचं. चुलते प्यायले. पासष्टला परत आले, एकाहत्तरला परत आले. दादा प्यायला. कारगिलहून परत आला.

मी बी.एड.ला निघालो तेव्हा पाणी मागितलं होतं. दादा म्हणाला, शाळेत गोळीबार नसतो, मास्तर. सगळे हसले. मीही हसलो.

हा मुद्दा निबंधात घ्यायचा नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सांगलीच्या ऋषिराजचं उत्तर आलं. इंजिनीयर आहे, परदेशी नाणी जमवतो. परवा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते. त्याने लिहिलंय की हे एका बिशपने पाडलेलं नाणं. तिकडे काही बिशप नुसते धर्मगुरू नसत, त्या मुलखाचे राजेही असत. कर त्यांचा, टांकसाळ त्यांची. आमच्या घरचा कळस म्हणजे बिशपची उंच टोपी. चांदी कमी, तांबं जास्त. साल सतराशे काहीतरी. पुढचे दोन आकडे हळदीखाली असतील.

स्वार खंडोबा नव्हे. ख्रिस्ती संत आहे. पायाशी दैत्य नाही, उघडा भिकारी आहे. थंडीत कुडकुडत होता. संताने तलवारीने स्वतःचा झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला पांघरला. म्हणजे तलवार मारायला नाही, कापड कापायला.

ऐंशी वर्षं घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. मला आज माहीत आहे. फार शांत वाटलं.

सांगलीला १५ तारखेला नाणेप्रदर्शन आहे. ऋषिराज म्हणतो, या, दहा मिनिटं बोला. मी चाळीस मिनिटांची तयारी करतोय.

त्याने शेवटी लिहिलंय: सर, नाणं साफ करू नका. हेच वाक्य एकूण चार वेळा. आजकालची मुलं अतिकाळजी करतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर
आकडे दिसले नाहीत तर निबंधाला काय अर्थ. साफ करायचं नाही हे मान्य. पण धुणं वेगळं. कोमट पाण्यात धुतलं. हळद गेली, तेलाचा थर राहिला. क्रांती घरातले देव चिंचेने उजळते. बायकोचा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. चिंच म्हणजे काही केमिकल नव्हे. वाटीत कोळ केला. वेळ: दहा मिनिटं.

तेवढ्यात अंकिताचा फोन. दादाची धाकटी. वीस वर्षांची, लष्कराच्या पोलिसात निवड झालीय. लेखी परीक्षेचं इंग्रजी मीच घेतलं होतं. म्हणाली, काका, ऑर्डर आली. चंपाषष्ठीला घरी तळी उचलायची आणि दुसऱ्या दिवशी, सत्तावीसला, सकाळच्या गाडीने निघायचं. बंगळुरू. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, एक मागायचंय. स्वाराचं पाणी तुम्ही द्यायचं. मी म्हटलं, तो मान दादाचा. म्हणाली, पप्पांचा हात आता लय कापतो, सांडतील. आणि पास तुमी केलं मला, पप्पांनी न्हाई.

मग खूप बोललो. शिस्त, वक्तशीरपणा, सत्य या तीन विषयांवर.

फोन ठेवला तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

बुधवार, सायंकाळी
नाण्याला तांबूस झाक आलीय. उगवतीच्या उन्हासारखी. बरी दिसते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तांबूस झाक एकसारखी व्हावी म्हणून भांड्यांच्या पावडरीने अगदी हलकं घासलं. आता नाणं लाल आहे. खणावरच्या पितळी कडीपेक्षा लाल. घोडा आहे. तलवार आहे. भिकाऱ्याचं डोकं गेलं.

सालाचे आकडे मुळातच झिजलेले निघाले.

क्रांतीने विचारलं, हे कसलं घासत बसलाय. इतिहास, म्हटलं. ती म्हणाली, मग ती वाटीपण घासून ठेवा.

रविवार, ९ नोव्हेंबर
वहिनींचा फोन. सहसा दादाच करतो. विचारलं, भाऊजी, तब्येत बरी हाय न्हवं? उत्तम, म्हटलं. पुन्हा विचारलं, लपवत न्हाई न्हवं काय? डागदरला दावलं? मी म्हटलं, कशासाठी? मग म्हणाल्या, काय न्हाई, सहज. जीवाला जपा.

देवाचा विषय नाही. चेअरमनांचा नाही. संशय नाही हे नक्की. वहिनी साध्या आहेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
वहिनींनी गावच्या गाडीबरोबर डबा पाठवला. डिंकाचे लाडू. थंडी अजून पडलेली नाही. दोन खाल्ले. बाकीचे खावेसे वाटेनात. पोट साफ नसावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सांगली
पहाटेच्या गाडीने आलो. प्रदर्शन एका मंगल कार्यालयात. चांगली गर्दी. माझं टेबल चहाच्या शेजारी. पाटीवर माझं नाव, खाली ‘अभ्यासक’. पाटीचा फोटो काढून घेतला.

ऋषिराज भेटला. वाकून नमस्कार केला. नाणं हातात घेतलं. कडेने धरलं, जसं धरतात. उलटलं. परत उलटलं. मी म्हटलं, झळाळी आलीय. तो म्हणाला, सर, वरची चांदी गेली. मी म्हटलं, आत आहे की. तेव्हा त्याने सांगितलं, अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. अशा नाण्यात चांदी कमी. पाडताना आम्लात बुडवून वरचं तांबं काढत, म्हणून वर चांदीचा पापुद्रा राहतो. आत सगळं तांबं. तो पापुद्रा इतकी वर्षं टिकला होता. तुमच्याकडं हळद-तेलाखाली तर फारच छान टिकला होता. कुणी केलं हे?

मी म्हटलं, घरातल्या बायका. देवाचं आहे ना. चिंच लावतात.

लिहून ठेवतोय, कारण रोजनिशीत खोटं लिहू नये. खोटं सांगितलं ते तिथे.

तो म्हणाला, चालायचंच सर, त्यांना काय माहीत.

भाषण झालं नाही. माईक बिघडला होता, असं आयोजक म्हणाले. माझ्यानंतरच्या वक्त्याचं मात्र ऐकू येत होतं.

दुपारी कवठे महांकाळकडचा एक म्हातारा टेबलापाशी आला. ज्योतिबा नाव. धोतर, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. घरातलं जुनं नाणं कुणाला दाखवायला आला होता. काचेत वाकून पाहिलं आणि चप्पल काढली. हात जोडले. मग मला म्हणाला, मल्हारी हाय की ह्यो. हितं चहाच्या टेबलाला कशापाय मांडलाय? मी समजावलं, बाबा, हा देव नव्हे, परदेशी संत आहे, आणि तो खाली भिकारी. म्हातारा म्हणाला, मुंडकं न्हाई त्याला. मी संताची गोष्ट सांगितली, झगा अर्धा कापला ते. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, मग देवच म्हना की. त्यानं आनि काय करायचं ऱ्हायलं? मग विचारलं, कुनाच्या घरचा? माझ्या, म्हटलं. तो म्हणाला, घरात आता काय हाय मग त्याच्या जागंव?

मी चहा आणायला उठलो. परत आलो तेव्हा तो गेला होता. काचेवर चिमूटभर भंडारा होता. पुसला नाही. लगेच तरी नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
निर्णय. चांदीचा मुलामा देणे. नाणं होतं तसं होईल आणि विषय संपेल. हे फसवणं नाही, डागडुजी आहे.

पेठेतल्या सराफाकडे गेलो. त्याने भिंग लावलं. म्हणाला, मास्तर, खाचेत हळद आहे. देवाचा टाक आहे का? मी म्हटलं, तसा नाही. तो म्हणाला, तसा नाही म्हणजे? मी म्हटलं, आमच्याकडे मानतात. त्याने नाणं कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, देव घडवायचा-उजळायचा असला की पूजा करणारी मालकीण बरोबर येते. त्यांना घेऊन या, लगेच करून देतो.

दुसऱ्या सराफाकडे गेलो नाही. ऊन फार होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
खरं सांगून टाकणार. दादाला, वहिनींना, अंकितासमोर. शिक्षक आहे मी. मुलांकडून छत्तीस वर्षं कबुल्या घेतल्या. कसं लिहायचं ते ठाऊक आहे.

कबुलीजबाब, पहिला मसुदा. तीन पानं. इतिहासापासून सुरुवात. क्रांतीला दाखवला. तेव्हाच तिला पहिल्यांदा सगळं कळलं. तिने पूर्ण वाचला. म्हणाली, ह्यात ‘मी’ कुठं आहे? पुन्हा वाचलं. ‘नेले गेले’, ‘ठेवण्यात आले’, ‘परिणाम झाला’. खरंच नव्हता.

ती म्हणाली, तुम्ही वहिनींना आत्ता फोन करा. मी म्हटलं, अशा गोष्टी समोरासमोर. ती म्हणाली, मग आत्ता चला. मी म्हटलं, चंपाषष्ठीला जायचंच आहे. ती उठून आत गेली.

रविवार, २३ नोव्हेंबर
चौथा मसुदा. एक वाक्य. ‘स्वार मी नेला आणि माझ्या हातून खराब झाला.’ क्रांती म्हणाली, ‘हातून’ काढा. काढलं. शर्टाच्या खिशात ठेवलं. आता फक्त वाचायचं आहे.

हलकं वाटतंय. जणू सांगूनच झालं.

बुधवार, २६ नोव्हेंबर. गावी. सायंकाळी सहा
क्रांती आली नाही. म्हणाली, तुम्ही बोलल्यावर मला कळवा.

सकाळी दहाला पोचलो. ओसरीवर माणसं. चुलीवर वांगी भाजत होती, बाजरीचे रोडगे होत होते. अंकिताने केस बारीक कापलेत. मला पाहून सॅल्यूट ठोकला. दादा हसला. त्याचा हात खरंच फार कापतो, कपातला चहा बशीत येतो.

ठरवलं होतं, आधी नाणं जागेवर ठेवायचं, मग सगळे जमले की सांगायचं. देव्हाऱ्यापाशी गेलो तर वहिनी आधीच तिथं. पाटावर देव मांडलेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. ओला हात तेवढा मागे केला, तळवा वर.

नाणं दिलं.

त्यांनी ते बोटांनी चाचपलं. नाकाशी नेलं. म्हणाल्या, चिंच. मी हो म्हटलं. लय वेळ ठेवला तुमी. आमी तांब्याबी एवढा वेळ ठेवत न्हाई.

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कळलं. चाळीस वर्षं रोज बोटं फिरतात त्यावरनं, घोड्याच्या जागी फेटा लागला. चोर म्हटला तर दुसरं नाणं कशाला ठेवंल? म्हणजे घरातलाच. तुमीच येऊन गेलता. मग म्हटलं, संकटात असल्याबिगर स्वार कुनी नेत न्हाई. कायतरी मोठा आजार हाय आनि भाऊजी लपवत्यात. कुनाला बोलले न्हाई. तुमच्या नावानं दर रविवार धरला.

मी म्हटलं, आजार नाही वहिनी.

त्या म्हणाल्या, बरं झालं.

बस, एवढंच. मग चेअरमनांना पाटावरून उचलून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, ह्यास्नी रोज आंघोळ घातली. फूल मातर घातलं न्हाई.

बारा वाजता तळी. पाच जणांनी ताट धरायचं, त्यात मी. ताटात नारळ, भंडारा, मध्ये स्वार. तीनदा उचललं, येळकोट झाला. ताट खाली ठेवायच्या आत दादाने पाहिलं. म्हणाला, स्वार लाल का? आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, चांदीचा होता. ह्याचं काय झालं?

अंकिताने माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी अडलं की पाहायची तसं.

माझे दोन्ही हात ताटाला होते. चौथा मसुदा खिशात होता. तोंड मोकळं होतं.

वहिनी म्हणाल्या, मी घासला. पोरगी जायाची म्हणून उजळायला गेले. चिंच जास्त झाली.

दादा म्हणाला, चाळीस वर्षं झाली तुला या घरात. अजून अक्कल आली नाही. ज्याने माझ्या आज्याला माघारी आणलं, मला आणलं, त्याला तू भांडं समजून घासलंस. आणि नेमकं पोरीच्या वेळी. दहा-बारा माणसांसमोर म्हणाला. वहिनींनी पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो. असं आता वाटतं.

जेवायला बसलो. भरीत चांगलं झालं होतं. दोनदा घेतलं.

सकाळी सव्वासहाची गाडी. पाणी निघताना द्यायचं, म्हणजे साडेपाचला. पाचचा गजर लावला. उठणार. आधी दादाला सांगणार, मग अंकिताला पाणी देणार. हा क्रम महत्त्वाचा. आधी न सांगता त्या तांब्याला हात लावायचा नाही. वहिनींची माफी सर्वांसमोर. हा या वर्षातला शेवटचा आणि सर्वात सोपा संकल्प आहे. एकच वाक्य तर आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. एसटीत
पाचला गजर झाला. बंद केला.

झोप लागली होती असं लिहिणार होतो. लागली नव्हती. डोळे मिटून पडलो होतो. अंकिता दारापर्यंत आली, काका, म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. वहिनी म्हणाल्या, झोपू दे त्यास्नी, दगदग झालीया. पाणी दादाने दिलं. सांडल्याचा आवाज आला. अंकिता म्हणाली, असू दे पप्पा, ऱ्हायलं तेवढं पुरं हाय.

सव्वासहाला गाडी गेली. मी सातला उठलो.

दादा ओसरीवर होता, वहिनींशी बोलत नव्हता. मला म्हणाला, मास्तर, चहा घे. घेतला. वहिनींनी कागदाची पुडी दिली, वाटेत उघडा म्हणाल्या. रहिमतपूरला उघडली. दोन डिंकाचे लाडू आणि चेअरमन. धुऊन, पुसून.